हात आधी, हत्यार नंतर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘नेमबाजी : साहित्य आणि सराव’ असा विषय दिला आहे. मी काही मोठा खेळाडू नाही. एमआयडीसीत टूलरूममध्ये नोकरी, आणि गेली काही वर्षं रविवारी एअर पिस्तूल. राज्य स्पर्धेत खेळलो, पदक नाही. तरी बोलायला उभा राहिलो, कारण या खेळात पैसे कुठे वाया जातात ते मी स्वतःचे घालवून शिकलो आहे. तेवढं तुमच्या मुलांच्या उपयोगी पडावं.

आपल्या सगळ्यांनी आयुष्यातला पहिला नेम कुठे धरला? महागणपतीच्या भाद्रपदातल्या यात्रेत, फुग्यांच्या स्टॉलवर. पाच छऱ्यांत दोन फुगे फुटले की आपण म्हणायचो, ‘बंदुकीची माशी वाकडी आहे.’ बऱ्याचदा ती खरंच वाकडी असायची. पण गंमत अशी की आपण मोठे झालो, मुलाबाळांचे झालो, तरी ते वाक्य काही सुटलं नाही. नेम चुकला की दोष बंदुकीचा, आणि उपाय म्हणजे नवी बंदूक!

मागच्या दिवाळीत आपल्याच बॅचचा एक मित्र घरी आला. तो इथं बसलाय, आणि त्याला विचारूनच सांगतोय. त्याची मुलगी आठवीत. शाळेच्या शिबिरात तिनं एअर रायफल चालवली, नेम बरा लागला, सगळ्यांनी कौतुक केलं. हा म्हणाला, “लेका, दोन गुंठे काढतो आणि पोरीला बाहेरची रायफल घेऊन देतो. तू फक्त कुठली घ्यायची ते सांग.” नगर रस्त्याला दोन गुंठे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी म्हणालो, “रायफल नंतर सांगतो. पोरीनं आतापर्यंत किती छरे मारलेत?” तो म्हणाला, “असतील चाळीस-पन्नास.”

मित्रांनो, एअर रायफलच्या एका सामन्यातच साठ छरे मारायचे असतात.

आता मूळ मुद्द्याला येतो. मुलं मोबाइलवर परदेशातल्या स्पर्धा बघतात. एकच माणूस धावत जातो, रायफल चालवतो, ती ठेवून पिस्तूल काढतो, मग शॉटगन. मला विचारतात, “काका, आम्ही तिन्ही शिकू का?” तो खेळ तिकडचा. शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि मग ऑलिम्पिक अशी जी शिडी आपल्याकडे आहे, तिच्यावर रायफल, पिस्तूल आणि शॉटगन हे तीन वेगवेगळे रस्ते आहेत. सुरुवातीला एकच धरायचा.

शॉटगनमध्ये हवेत उडणारी मातीची तबकडी फोडायची असते. तिला मोठं मैदान लागतं, परवाना लागतो, आणि प्रत्येक काडतुसाला पैसे. गावाकडच्या मुलानं तिथून सुरुवात करू नये. पॉइंट बावीसच्या रायफल-पिस्तुलालाही परवाना लागतो. राहिली दहा मीटरची एअर रायफल आणि एअर पिस्तूल. दोन्हींत साडेचार मिलिमीटरचा छर्रा. वीस ज्यूलच्या आतल्या अशा एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. तरी ओळखपत्र देऊन, रीतसर पावती घेऊनच ती घ्यावी. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे, असं कुणी समजू नये. हा छर्रा डोळा फोडू शकतो.

या दोघींतली निवड कशी करायची? रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. तिच्याबरोबर कॅनव्हासचं जाड जॅकेट, तशीच पँट, खास बूट आणि हातमोजा लागतो. जॅकेट अंगाबरहुकूम लागतं. आठवीतल्या मुलीला आज शिवलेलं जॅकेट दहावीत येत नाही. म्हणजे एकदा रायफल घेतली की खर्च संपला, असं नसतं. पिस्तूल साधारण किलोभराचं. ते एकाच हातात धरून मारायचं, दुसरा हात खिशात. जॅकेट नाही, पँट नाही. सपाट तळव्याचे बूट असले की झालं. खर्च कमी, पण हात जास्त हलतो. म्हणून पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आणि रायफलचं फक्त अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे पेनानं दिलेल्या टिंबाएवढं. दोन्ही महिनाभर चालवून बघावं. जे हातात घेतल्यावर मूल शांत होतं, ते त्याचं.

आता माझी फजिती. कंपनीचा बोनस आला त्या वर्षी मी वापरलेलं परदेशी पिस्तूल घेतलं. बोनस पुरला नाही म्हणून बायकोच्या भिशीचे पैसेही घातले. दिसायला देखणं. स्पर्धेला गेलो, तर साहित्य तपासणीच्या टेबलावर साहेबांनी सिलिंडर फिरवून बघितलं आणि म्हणाले, “याची मुदत संपली आहे.” हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, बहुतेकांची मुदत दहा वर्षं, हे मला माहीतच नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शिवाय त्याची मूठ मोठ्या मापाची. माझा पंजा मध्यम. प्रत्येक वेळी धरताना बोटं वेगळ्या जागी जायची. आधी क्लबच्या जुन्या पिस्तुलावर सहाशेपैकी पाचशे वीसच्या आसपास गुण पडायचे. नव्यावरही तेवढेच पडले. भिशीचा हिशेब मात्र घरात वर्षभर निघत राहिला.

म्हणून वापरलेलं साहित्य घेणाऱ्यांनी चार गोष्टी बघाव्यात. सिलिंडरवरची तारीख. मुठीचं माप, आणि ती उजव्या हाताची आहे की डाव्या. चापाचं वजन : एअर पिस्तुलाचा चाप किमान पाचशे ग्रॅमचा लागतो, त्याहून हलका असेल तर तपासणीत बाद. आणि चौथी, पन्नास छरे मारून बघू दिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पिस्तूल शिकंज्यात पकडून मारलं आणि छरे एकाच भोकात गेले, तर ते चांगलं आहे. पुढचं सगळं आपल्या हाताचं काम.

हाताचं काम म्हणजे काय, ते मी टूलरूमच्या भाषेत सांगतो. पिस्तुलावर पुढे माशी असते, मागे खाच. त्या दोघींत साधारण तेहतीस सेंटिमीटर अंतर. निशाण दहा मीटरवर, म्हणजे तीसपट लांब. माशी खाचेच्या मधोमध न राहता एक मिलिमीटर सरकली, तर छर्रा तीस मिलिमीटर सरकतो. दहाऐवजी सात. पण माशी आणि खाच एका रेषेत ठेवून अख्खा हात पाच मिलिमीटर हलला, तर छर्राही पाचच मिलिमीटर हलतो. तो दहाच्या आतच. म्हणजे हात हलतो याची भीती नको. नजर माशीवर हवी. माशी स्पष्ट दिसली पाहिजे आणि निशाण धूसर. नवीन मूल नेमकं उलट करतं. ते निशाणाकडे बघतं, कारण गुण तिकडे असतात.

दुसरं चाप. चाप ओढायचा नाही, दाबत जायचं. ही गोष्ट मला एनसीसीच्या उस्तादांनी शिकवली. शिरूरला कॉलेजात असताना ते आम्हाला पोटावर झोपवायचे आणि रिकाम्या रायफलच्या नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. चाप दाबला आणि नाणं पडलं, की पुन्हा पहिल्यापासून. आम्ही वैतागायचो, “उस्ताद, गोळी कधी?” ते म्हणायचे, “जब सिक्का सोयेगा.” अंजली भागवत यांची सुरुवातही एनसीसीतूनच झाली, आणि त्या २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. तेव्हा एनसीसीच्या जुन्या रायफलला नावं ठेवू नका.

मुदत संपलेल्या त्या प्रकरणानंतर मी सिलिंडर बदलून घेतला, कानशीनं मूठ हाताप्रमाणे घासली, आणि मग वर्षभर नवीन काहीही घेतलं नाही. रोज रात्री जेवणाआधी अर्धा तास पांढऱ्या भिंतीसमोर उभा राहायचो. छर्रा नाही, निशाण नाही. हात वर, श्वास अर्धा सोडायचा, माशी स्पष्ट, चाप, आणि चाप सुटल्यावरही दोन सेकंद तसंच थांबायचं. आठ सेकंदांत नाही जमलं तर हात खाली. हात खाली घेणं हेही कौशल्य आहे. सामन्यात साठ छऱ्यांना पंचाहत्तर मिनिटं मिळतात, घाई कुणीच करायला सांगत नाही. वहीत रोज दोन ओळी लिहायच्या. किती गुण पडले ते नाही, तर काय बरोबर झालं ते. चौदा महिन्यांनी त्याच पिस्तुलावर पाचशे अठ्ठेचाळीस पडले. अर्ध्या तासाला पैसे लागत नाहीत. ज्यांच्या घरी पिस्तूल नाही त्यांनी लिटरची पाण्याची बाटली धरून उभं राहावं. वजन साधारण तेवढंच.

मोठ्यांचं उदाहरण द्यायचं तर स्वप्निल कुसाळेचं देतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. या प्रकारात एकाच रायफलनं गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभं राहून मारायचं असतं. मोबाइलवरच्या त्या तीन बंदुकांच्या खेळाला आपल्याकडे जवळचं काही असेल, तर ते हेच. बंदूक एक, पण शरीरं तीन. पहिल्या दोन टप्प्यांनंतर तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्यानं मारायची वेळ आली, जिथं रायफल सगळ्यात जास्त हलते, तिथं तो वर आला. एकूण ४५१.४ गुण. अंतिम फेरीत सगळ्यांकडेच उत्तम रायफली होत्या. फरक उभं राहण्यात पडला. आणि २०१२ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळणाऱ्या या मुलाला पहिलं ऑलिम्पिक बारा वर्षांनी मिळालं, हेही मुलांना सांगा. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ चं अथेन्स ऑलिम्पिक खेळलेल्या. त्याच अथेन्सला सुमा शिरूरही होत्या. आडनाव शिरूर असलं तरी त्या आपल्या तालुक्यातल्या नव्हेत, नाहीतर आपण एव्हाना कमान उभारली असती!

आता मित्राच्या मुलीचं काय झालं ते सांगतो. मी त्याला सांगितलं, गुंठे राहू देत. सहा महिने रविवारी पोरीला पुण्याला रेंजवर ने, तिथलीच रायफल भाड्यानं घे, छऱ्यांचे डबे आणि गाडीचं पेट्रोल एवढाच खर्च कर. बालेवाडीची रेंज एकदा आतून दाखव, म्हणजे तिला कळेल की आपल्यासारखी किती पोरं तिथं घाम गाळतात. सहा महिन्यांनी ती स्वतःहून पहाटे उठत असेल, तर पुढचं बोलू. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणारा हा माणूस रविवारी सकाळी सहाला वाघोलीच्या कोंडीत उभा असायचा. दोन महिन्यांनी पोरगी म्हणाली, “पप्पा, मला रायफल नको. पिस्तूल बरं वाटतं.” गुंठे काढून रायफल घेतली असती, तर हे वाक्य बोलायची तिची हिंमत झाली नसती. बापानं जमीन विकून आणलेली वस्तू नको म्हणणं कुठल्या लेकराला जमेल? तो भार चाप दाबणाऱ्या बोटावर येतो, आणि तो पाचशे ग्रॅमपेक्षा फार जड असतो.

अजून तिनं पदक वगैरे काही आणलेलं नाही. क्लबच्याच पिस्तुलावर खेळते. मागच्या महिन्यात मला म्हणाली, “काका, आज सातावर गेला तो छर्रा मारायच्या आधीच कळलं होतं मला. मी निशाणाकडे बघितलं.” मला ते पदकाइतकंच मोलाचं वाटलं. दोष बंदुकीचा नाही, हे तिला तेराव्या वर्षी कळलं. मला चाळिशी लागली.

शेवटी मेळाव्याच्या शिल्लक निधीबद्दल. एका गुणी विद्यार्थ्याला परदेशी रायफल भेट द्यावी, अशी सूचना आली आहे. भावना चांगली आहे. पण ती एका मुलाची होईल, आणि त्याचं मन बदललं तर कपाटात पडेल. त्याऐवजी शाळेच्या नावावर भारतीय बनावटीच्या दोन साध्या एअर रायफली आणि एक पिस्तूल घ्यावं. मुख्याध्यापकांनी आणि जिल्हा क्रीडा कार्यालयानं जागा बघून होकार दिला, तर मागच्या लांब खोलीत भक्कम भिंतीपुढे दहा मीटरचे दोन पट्टे बसतील. हत्यारं कुलपात, किल्ली शिक्षकांकडे, नळीचं तोंड कायम निशाणाकडे, पंचांनी सांगेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि सराव संपल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण छरे शिशाचे असतात. उरलेले पैसे मुलांच्या पुण्याच्या प्रवासाला. रविवारी शिकवायला मी येईन, फुकट येईन.

बाई, तुम्ही आम्हाला अक्षर सुधारायला लावायचात तेव्हा आम्ही नवीन पेन मागायचो. तुम्ही म्हणायचात, “आधी याच पेनानं पानभर लिहून दाखव.” तीस वर्षांनी मी तेच सांगायला इथं उभा राहिलो, एवढंच.