कोंबड्यांचा हजेरीपट

आजचा माझा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं येईल, हें मी जाणून आहें. परसांतल्या दहा-बारा कोंबड्या त्या काय, आणि त्यांतल्या एकेकीची वेगळी नोंद ठेवावयाची ती काय! आमचे एक वयोवृद्ध शेजारी मला पुष्कळदां विचारीत, “काय मास्तर, शाळेंत मुलांची हजेरी घेऊन पुरेसें होत नाहीं, म्हणून घरीं कोंबड्यांची घेतां वाटतें?” त्यांचें हंसणें मीं कधीं मनावर घेतलें नाहीं. कारण ही हजेरी मी हौसेनें घेऊं लागलों नव्हतों. एक चूक हातून घडली, म्हणून घेऊं लागलों.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. आमच्या धंद्यांत एक गोष्ट पहिल्या आठवड्यांतच शिकावी लागते. ‘वर्गांत ४० मुलें आहेत’ हें कांहीं वर्गाचें ज्ञान नव्हे. पुढच्या बांकावरचा मुलगा हात वर करकरून उत्तरें देतो आणि तो हुशार आहे असें आपणांस वाटूं लागतें. मागच्या कोपऱ्यांतला मुकाट बसतो, त्यास आपण मठ्ठ ठरवितों. सहामाही परीक्षेचे गुण मांडले म्हणजे पुष्कळदां ही समजूत उलटी ठरते. शाळेंत मला हें ठाऊक होतें. घरीं मात्र मी तें साफ विसरलों.

२००१ सालीं मी सावद्याजवळच्या एका खेड्यांत राहत होतों. परसांत बारा गांवठी कोंबड्या आणि एक कोंबडा होता. त्यांत ‘तांबडी’ म्हणून एक होती. रोज सकाळीं ती असा कांहीं कलकलाट करी कीं, तिनें अंडें घातलें हें साऱ्या आळीस कळावें. दुसरी ‘कबरी’. ती अंगानें बारीक, स्वभावानें बुजरी. तिला खुराड्यांत बसलेली आम्हीं क्वचितच पाहिलेली. उन्हाळ्याच्या तोंडीं अंडीं कमी झालीं, तेव्हां एखादी ऐतखाऊ कोंबडी काढून टाकावी असें मीं ठरविलें. पत्नी म्हणाली, “थोडें थांबा, नीट पाहूं.” मीं ऐकलें नाहीं. आठवड्याच्या बाजारांत कबरी विकून आलों.

पुढच्या आठवड्यांत अंडीं चारांनीं आणखी कमी झालीं. त्याच्या पुढच्या आठवड्यांतहि तसेंच. आणि टोपल्यांत रोज दिसणारें एक लांबट, फिकट बदामी रंगाचें अंडें दिसेनासें झालें तें कायमचेंच. तें अंडें कबरीचें होतें! तांबडीवर मग मीं आठ दिवस पाळत ठेवली. तिनें त्या आठ दिवसांत एकच अंडें घातलें. दुसरी कोणी घरट्यांतून उठली कीं, तिच्या ओरडण्यांत ही आपला सूर मिळवी, इतकेंच. बाजारांत विकलेली कोंबडी परत येत नसते. त्या संध्याकाळीं मीं एक शंभर पानी वही काढली आणि तिच्यावर लिहिलें, ‘हजेरीपट’.

आतां पहिला प्रश्न असा कीं, कोंबडी ओळखावी कशी? गांवठी कोंबड्यांत ही अडचण थोडी असते. कोणी तांबडी, कोणी काळी, कोणी राखी, कोणी उघड्या मानेची. तुऱ्याकडे पाहावें, कोणाचा उभा व दातेरी असतो, कोणाचा बसका. कानपाळीचा रंग, पायांचा रंग, नखांचा रंग पाहावा. परंतु केवळ पिसांवर विसंबूं नये. वर्षांतून एकदां कोंबडी पिसें टाकते आणि नवीं पिसें आल्यावर तिचें रूप थोडें पालटतें. शिवाय एका आईचीं पिल्लें मोठीं झालीं म्हणजे तीं एकसारखींच दिसूं लागतात. झाबुआकडची कडकनाथ जात आतां आपल्या खानदेशांतहि पुष्कळ ठिकाणीं पाळली जाते. तिचीं पिसें, तुरा, पाय, सारें काळें. अशा दहा जणी अंगणांत उभ्या राहिल्या म्हणजे गणवेषांतील मुलांसारख्या दिसतात. नांव घेऊन कोणास हांक मारावी तें समजत नाहीं.

अशा वेळीं पायांत कडें घालावें. प्लॅस्टिकचीं रंगीत वेटोळीं कडीं पशुपक्ष्यांच्या सामानाच्या दुकानांतून मिळतात. रंग चार घेतले आणि डावा-उजवा पाय धरला, तर आठ कोंबड्या सहज वेगळ्या ओळखतां येतात. येथें एक इशारा देणें अवश्य आहे. पिल्लाच्या पायांत घातलेलें कडें पिल्लाबरोबर वाढत नाहीं. माझ्या हलगर्जीपणानें एका तलंगेच्या पायांत कडें रुतून बसलें व ती महिनाभर लंगडली. म्हणून दर पंधरा दिवसांनीं कडें बोटानें फिरवून पाहावें; फिरलें नाहीं, तर मोठें घालावें.

अगदीं लहान पिल्लांसाठीं दुसरी जुनी युक्ति आहे. कोंबडीच्या पुढल्या तीन बोटांमध्यें, बुडाशीं, दोन लहान पडदे असतात; दोन्ही पायांचे मिळून चार. पिल्लूं एक दिवसाचें असतांना यांपैकीं ठराविक पडद्यास बारीक भोक पाडतात. कोणत्या पडद्यास भोक आहे आणि कोणत्यास नाहीं, यावरून एकंदर सोळा खुणा तयार होतात. भोक स्वच्छ पडलें पाहिजे, नाहींतर तें भरून येतें. ही खूण कडें गळून पडलें तरी जन्मभर टिकते. सरकारी प्रक्षेत्रांवर पंखाच्या पडद्यांत आंकडे घातलेली धातूची पट्टी लावतात; परंतु घरगुती कामास तिची गरज पडत नाहीं.

कोंबडी ओळखली, आतां अंडें कोणाचें हें कसें ओळखावें? एका कोंबडीचें अंडें आकारानें व रंगानें बहुधा सारखेंच असतें, हें नीट पाहणाराच्या लवकर ध्यानांत येतें. संशय असेल तेथें, रात्रीं कोंबडी निजली असतां, तिच्या शेपटीखालीं अंडें येण्याच्या जागेभोंवतीं खाण्याच्या रंगाचें बोट फिरवावें. दुसऱ्या दिवशीं अंड्यावर त्याचा फराटा उमटतो. हातानेंहि परीक्षा होते. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लाल, भरलेला व कोमट लागतो, आणि शेपटीखालच्या दोन हाडांमध्यें दोन-तीन बोटें सहज मावतात. अंडीं बंद झालीं कीं, हें अंतर एका बोटावर येतें.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे सांपळ्याचें घरटें. एक पेटी घ्यावी व तिच्या दाराची फळी टेकूवर अलगद अडकवून ठेवावी. कोंबडी आंत शिरतांना तिची पाठ लागून टेकू निसटतो व दार पडतें. आपण जाऊन तिला बाहेर काढावी, अंड्यावर पेन्सिलीनें तिचा क्रमांक व तारीख घालावी. मात्र आपल्याकडे वैशाखांत पारा ४४ अंशांच्या वर जातो. बंद पेटींत कोंबडी विसरली गेली, तर ती जिवंत सांपडणार नाहीं. यासाठीं ही पेटी मी फक्त हिंवाळ्यांत, महिन्यांतून एक आठवडा लावीत असें, आणि तासातासानें पाहणारें कोणी घरांत असेल तेव्हांच.

या साध्या पेटीनें मोठें काम केलेलें आहे. अमेरिकेंत मेन येथील शेतकी प्रयोगक्षेत्रांत १८९८ पासून अशा पेट्या लावून एकेका कोंबडीचीं अंडीं मोजूं लागले. जास्त अंडीं घालणाऱ्या कोंबड्या निवडून त्यांचींच पिल्लें वाढविण्याचा क्रम तेथें कित्येक वर्षें चालला. तरी कळपाची सरासरी वाढेना. पुढें रेमंड पर्ल नांवाच्या शास्त्रज्ञानें या नोंदी तपासल्या आणि दाखवून दिलें कीं, आईचीं अंडीं मोजून भागत नाहीं. तिच्या मुली किती अंडीं देतात तें पाहिलें पाहिजे, आणि कोंबड्याचीहि परीक्षा त्याच्या मुलींवरूनच केली पाहिजे. ऑरेगन येथें जेम्स ड्रायडन यांनीं या रीतीनें कळप सुधारला. त्यांच्या ‘लेडी मॅकडफ’ या कोंबडीनें १९१३ सालीं वर्षाचीं ३०३ अंडीं पुरीं केलीं. आपली गांवठी कोंबडी वर्षास साधारण ६० ते ८० अंडीं देते, हें लक्षांत घेतलें म्हणजे या आंकड्याचें महत्त्व कळेल. नोंद नसती, तर ती कोंबडी कोणास ओळखूं आली असती?

माझ्या वहींत प्रत्येक कोंबडीस एक पान असे. क्रमांक व खुणा, जन्मतारीख, आई कोण, रोजच्या अंड्याची एक उभी रेघ, खुडूक केव्हां बसली, किती अंडीं उबवावयास ठेवलीं आणि एकविसाव्या दिवशीं किती फुटलीं, मानमोडीची लस केव्हां दिली, आणि शेवटचा रकाना, ‘कोठें गेली’. मुंगसानें नेली, विकली, कापली, कोणास दिली, तें तेथें लिहावयाचें. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, असें मी आज सांगूं शकतों; त्या वेळीं मला तो केवळ रीत म्हणून ठेवावासा वाटला होता.

रोज दिवेलागणीस खुराडें लावतांना मी क्रमांक मोजून हजेरी घेत असें. एखादी कोपऱ्यांत पिसें फुलवून बसलेली दिसली कीं, तिला लागलीच वेगळ्या डालग्याखालीं ठेवतां येई. कबरीची म्हणतां येईल अशी एक तलंग मागें राहिली होती. तिचा क्रमांक ७. आईच्या रकान्यांत मीं ‘बहुधा कबरी’ असें लिहिलें होतें. पुढें तिनें तेंच लांबट, बदामी अंडें घातलें, तेव्हां ‘बहुधा’ हा शब्द मीं खोडला. चार वर्षें तिच्या पानावर सर्वांत जास्त रेघा पडत होत्या.

श्रोतेहो, २००६ चा फेब्रुवारी महिना आपणांपैकीं अनेकांच्या स्मरणांत असेल. नवापूर १९९८ पर्यंत आपल्या धुळें जिल्ह्यांत होतें, नंतर नंदुरबार जिल्ह्यांत गेलें. तेथें भारतांतील पहिला बर्ड फ्लू आढळला. मार्चमध्यें तोच रोग आपल्या जळगांव जिल्ह्यांत सावदा, मारूळ, हातेड व साळवें येथें परसांतल्या कोंबड्यांत निघाला. आमचें खेडें ठरविलेल्या क्षेत्राच्या आंत होतें. पथक आलें. नखशिखांत पांढरा पोषाख घातलेल्या एका तरुणानें अत्यंत सौजन्यानें विचारलें, “गुरुजी, किती कोंबड्या आहेत?” मीं वही उघडली आणि एकेक क्रमांक वाचला. पत्नी एकेकीस उचलून देत होती. चौदा क्रमांक झाले. सात क्रमांकाच्या वेळीं ती थोडी थांबली, मग तीहि तिनें दिली. रोग माणसासहि होऊं शकतो. तेव्हां जें झालें तें आवश्यकच होतें, याविषयीं माझ्या मनांत तेव्हांहि शंका नव्हती आणि आजहि नाहीं. चौदाहि पानांवर ‘कोठें गेली’ या रकान्यांत मीं एकच तारीख घातली व वही माळ्यावर टाकली.

सहा-सात महिन्यांनीं, नवीन कोंबड्या पाळण्यास मोकळीक मिळाल्यावर, पत्नीनेंच ती वही खालीं काढली. सात क्रमांकाच्या पानावर संक्रांतीची एक नोंद होती : ‘नऊ अंडीं. थोरल्या बहिणीस दिलीं. पडद्याची खूण, उजवा पाय, बाहेरचा.’ माझी बहीण धुळें जिल्ह्यांत शिरपूर तालुक्यांत असते. संक्रांतीस ती आली होती आणि गव्हाच्या भुशांत अंडीं ठेवून एस.टी.नें घेऊन गेली होती. पिल्लांस खूण कशी करावी तें मीं तिला सांगून दिलें होतें. तिच्या गांवास रोगाची झळ लागली नव्हती. भाऊबीजेस मी तिच्याकडे गेलों. अंगणांत वीस-पंचवीस कोंबड्या होत्या. त्यांतल्या कोणत्या माझ्या, हें तिलाहि सांगतां येईना. आम्हीं एकेकीचा पाय दिव्याजवळ धरून पाहिला. तिघींच्या उजव्या पायाच्या बाहेरच्या पडद्यास भोक होतें. दोन तलंगा बहिणीनें मला ओवाळणीच्या उलट भेट म्हणून दिल्या. त्या वर्षीं मार्गशीर्षांत टोपल्यांत पुन्हां तें लांबट, बदामी अंडें आलें. आज आमच्या घरीं त्या वंशाची सहावी पिढी नांदत आहे.

२०२१ सालीं नवापुरास तो रोग पुन्हां आला. तेव्हां ज्यांच्या परसांत कोंबड्या आहेत, त्यांस माझी विनंती आहे कीं, हजेरींत एकाएकीं दोन-तीन कोंबड्या मेलेल्या आढळल्या, तर त्यांस उघड्या हातानें शिवूं नये आणि त्याच दिवशीं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें. रोजची नोंद असेल, तरच ‘एकाएकीं’ म्हणजे काय हें आपणांस कळेल.

मुलांची एखादी अर्धी राहिलेली वही प्रत्येक घरीं असते. आज दिवेलागणीस ती घेऊन खुराड्यापाशीं बसावें, आणि जी कोंबडी सर्वांत कमी ओरडते, तिचें नांव पहिल्या पानावर लिहावें.