गडचिरोलीच्या शाळांतून हत्तीचा पाठ

(शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी मुलाला हत्ती अक्षरओळखीच्या वयातच भेटतो. ‘ह’ हत्तीचा हे ते पाटीवर गिरवते आणि गणेशोत्सवात गजमुखाला हात जोडते. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या दरवाजांवरही सिंहासमवेत हत्ती कोरलेला आहे. परंतु धानोरा, कुरखेडा किंवा आरमोरी तालुक्यातील मुलाची हत्तीशी ओळख आता चित्रापुरती व शिल्पापुरती उरलेली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशातून छत्तीसगडमार्गे निघालेला सुमारे वीस रानटी हत्तींचा कळप धानोरा तालुक्यातून गडचिरोली जिल्ह्यात उतरला. त्यानंतर जिल्ह्याच्या उत्तर भागात आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातही या कळपाचा संचार झाला. उभे धान तुडवले गेले, मळणीसाठी रचलेले पुंजणे विस्कटले, घरांच्या भिंती पडल्या आणि मनुष्यहानीही झाली. एप्रिल २०२४ मध्ये एका हत्तीने प्राणहिता ओलांडून तेलंगणाच्या आसिफाबाद भागात दोन शेतकऱ्यांचा बळी घेतला.

अशा गावातील शाळेत हत्तीच्या संरक्षणाचा पाठ कसा द्यावा, हा आजचा प्रश्न आहे.

पाठाचा आरंभ कोठून व्हावा?

शहरातील शाळेत हा पाठ भूतदयेचा असतो आणि तेथे तो पुरतोही. ज्या मुलाच्या बापाचे वर्षाचे धान एका रात्रीत गेले, त्याला मात्र ‘हत्तीवर प्रेम करा’ एवढेच सांगितले, तर ते गुरुजींचा शब्द ऐकून घेईल, पण मानणार नाही. पुढे त्याच घरातून शेताभोवती विजेची जिवंत तार ओढली जाईल. देशात हत्तींच्या अनैसर्गिक मृत्यूंचे मोठे कारण विजेचा धक्का हेच आहे, आणि त्या तारेला माणूस व जनावर यांतील भेद कळत नाही. यास्तव येथील पाठाचा आरंभ मुलाच्या सुरक्षिततेपासून आणि त्याच्या घरच्या नुकसानीच्या प्रांजळ उल्लेखापासून व्हावा. संरक्षणाचा विचार त्यानंतर आपोआप समजतो.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत. कळप परिसरात असता सायंकाळनंतर एकट्याने जंगलवाटेने जाऊ नये. हत्ती दिसल्यास दूर राहावे. दगड मारू नयेत, फटाके फोडू नयेत, मोबाईलवर छायाचित्र काढण्यासाठी पुढे होऊ नये. पिल्लासह असलेली मादी विशेष आक्रमक असते. कळपाची वार्ता प्रथम वनरक्षकास द्यावी. हत्ती हुसकावणे हे प्रशिक्षित पथकाचे काम आहे, गावच्या तरुणांच्या धाडसाचे नव्हे. घरात साठविलेली मोहफुले व धान यांच्या वासाने हत्ती वस्तीत शिरतो, हेही मुलांना ठाऊक असावे. हे नियम गोंडी व माडिया बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या बोलीत सांगितले, तर ते घरी आजीपर्यंत पोहोचतील.

हत्ती गावात का येतो?

दुसरा टप्पा कारणांचा. येथे गणिताचा तास उपयोगी पडतो. प्रौढ हत्तीस दिवसाला सुमारे १५० किलो चारा लागतो. वीस प्रौढ हत्ती धरले, तर हा हिशेब ३,००० किलो, म्हणजे तीस क्विंटलांवर जातो. एवढा चारा एका ठिकाणी रोज मिळणे अशक्य. म्हणून कळपाला सतत फिरावे लागते. मूळ अधिवासातील जंगल तुटले, वाटा अडल्या की तो नवे वन शोधतो. गडचिरोलीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे आणि वनाला लागूनच धानाची बांधी आहे. हा हिशेब ज्याने स्वतः मांडला, त्याला हत्ती सूडाने येत नाही, भुकेने येतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यापाठोपाठ हत्तीचे वनाशी असलेले नाते सांगावे. त्याच्या लिदीतून फळांच्या बिया दूरवर पसरतात आणि रुजतात. कळपाचे नेतृत्व वडीलधारी मादी करते. पिल्लू सुमारे वीस-बावीस महिने गर्भात राहते व दोन पिल्लांत कित्येक वर्षांचे अंतर असते. त्यामुळे मेलेल्या हत्तीची उणीव लवकर भरून निघत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हत्तीचा समावेश आहे. केंद्र शासनाने १९९२ मध्ये हत्ती प्रकल्प सुरू केला आणि २०१० मध्ये हत्तीस राष्ट्रीय वारसा प्राणी घोषित केले. डीएनए तपासणीवर आधारलेल्या व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात २२,४४६ रानटी हत्ती आहेत.

कमलापूरची शाळा

या पाठाला जिल्ह्यातच एक प्रत्यक्ष साधन उपलब्ध आहे. अहेरी तालुक्यातील कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. दक्षिण गडचिरोलीच्या सागवानी जंगलात लाकूड ओढण्यासाठी एके काळी पाळीव हत्ती वापरले जात. त्या परंपरेचा हा वारसा. हिवाळ्यात काही दिवस येथील हत्तींना विश्रांती देऊन त्यांच्या पायांना वनौषधींचा लेप लावतात; त्यास ‘चोपिंग’ म्हणतात. सहलीत मुलांनी माहुताच्या साहाय्याने हत्तीच्या पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दोरीने मोजावा. त्याची दुप्पट म्हणजे हत्तीची खांद्यापर्यंतची अंदाजे उंची. घेर १२० सेंटिमीटर भरला, तर उंची सुमारे २४० सेंटिमीटर.

परंतु येथेच शिक्षकाने एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कमलापूरचा हत्ती माहुताची आज्ञा पाळतो. रानातला हत्ती कोणाचीही पाळत नाही. कॅम्पमधील सलगी मनात ठेवून रानटी हत्तीजवळ जाणे जिवावर बेतेल. ही सूचना सहल परतण्यापूर्वी, तेथेच दिली जावी.

पंचायतीचा वाटा

शाळेतील पाठ पंचायतीच्या कामाविना अपुरा राहील. पिकाचे नुकसान झाल्यास विनाविलंब वनविभागाकडे तक्रार नोंदवावी लागते आणि पंचनामा होऊन भरपाई मिळते. वरच्या वर्गातील मुलांकडून असा अर्ज नमुन्यादाखल लिहून घेतल्यास भाषेचा अभ्यास होईल आणि घरातील निरक्षर वडिलांचे कामही होईल. मात्र त्या अर्जाची दखल वेळेवर घेतली जाणे, पंचनामा रेंगाळू न देणे, ही पंचायत सदस्यांची व अधिकाऱ्यांची जबाबदारी होय. भरपाई वेळेत हाती पडली, तर गुरुजींनी वर्गात सांगितलेले घरीही खरे ठरते. ती रखडली, तर त्याच घरात जिवंत तारेचा विचार पुन्हा डोके वर काढतो.

दरवर्षी १२ ऑगस्ट हा जागतिक हत्ती दिन म्हणून पाळला जातो. प्रभातफेरी व घोषणा यांबरोबरच त्या दिवशी वनरक्षक, तलाठी व कृषी सहायक यांना शाळेत बोलवावे आणि गावातील प्रलंबित नुकसानीच्या प्रकरणांची यादी मुलांच्या व पालकांच्या समक्ष वाचून दाखवावी, एवढी अपेक्षा आहे.