लढाई संपल्यावर वर गेलेला माणूस

आजच्या भागात पाहुणे नाहीत. म्हणजे आहेत, पण ते शेजारच्या खोलीत बातम्या बघत बसलेत आणि माइकसमोर यायला त्यांनी साफ नकार दिलाय. "त्यात काय सांगायचं?" एवढंच उत्तर. तर पप्पांबद्दल मीच बोलतो. परवानगी मिळाली आहे, फक्त एका अटीवर: खोटं सांगायचं नाही. ही अट का, ते पुढं येईलच.

पप्पा १९९४ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. सातारा जिल्ह्यात याचं कुणाला नवल नाही. आमच्याकडं अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. आमचं गाव ते नव्हे, पण भावकीत दोन-तीन फौजी असतातच.

मी लहान असताना आजी पत्र लिहून घ्यायची. पत्त्यात नंबर, नाव, पलटण आणि शेवटी 'मार्फत ५६ ए.पी.ओ.'. मला वाटायचं, ते गावाचं नाव आहे. तिथं एसटी जाते का, असं मी विचारलं होतं म्हणे! फौजेचं टपाल असंच जातं, माणूस नेमका कुठं आहे ते पत्त्यावरून कळत नाही. पप्पा वर्षातून दोन महिने वार्षिक सुट्टीवर यायचे. एकदा मी आजीच्या पदराआड लपून विचारलं, "हे काका परत कधी जाणार?" आई हे अजून हसत सांगते. पप्पा त्या वेळी उठून बाहेर जातात.

२०११ ला सतरा वर्षं भरून ते पेन्शनवर आले. मी नववीत. दोन महिन्यांचे पप्पा एकदम बारा महिन्यांचे झाले, आणि खरं सांगू, मला ते जड गेलं. पहाटे पाचला उठवणं, अंथरुणाची घडी, चपला एका ओळीत. आईलाही जड गेलं असणार, कारण इतकी वर्षं घर, शेत, सोसायटीचं कर्ज सगळं तिनं एकटीनं रेटलेलं.

पुढच्या वर्षी शाळेत २६ जुलैचा कार्यक्रम होता. सरांनी विचारलं, तुझे वडील कारगिलला होते ना? मी म्हणालो, हो सर, लढलेत. फळ्यावर रंगीत खडूनं 'कारगिल योद्धा' आणि खाली पप्पांचं नाव. पप्पा कडक इस्त्री करून आले, शाल घेतली नाही, माइक हातात घेतला आणि म्हणाले, "मी कारगिल लढलो नाही. लढाई जुलैमध्ये संपली, मी ऑक्टोबरमध्ये पोचलो. जे लढले त्यांचा मान मी घेणार नाही." आणि खाली बसले.

सगळी शाळा माझ्याकडं बघत होती. मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मग तिथं ते काय करत होते, हे विचारायला मला बीटेक होऊन नोकरी लागावी लागली. १९९९ च्या आधी थंडीत दोन्ही बाजू उंचावरची ठाणी रिकामी करून खाली यायच्या. त्याच मोकळ्या जागेत घुसखोरी झाली. लढाईनंतर ठरलं, आता हिवाळ्यातही वरच राहायचं. सप्टेंबरमध्ये लेहला चौदावी कोअर उभी राहिली. पप्पा द्रासच्या वरच्या एका ठाण्यावर होते. झोजिला बर्फानं बंद, खाली यायचा प्रश्नच नाही. बर्फ वितळवून पाणी, बंकरमध्ये रॉकेलची बुखारी, तिच्या काजळीनं काळे झालेले चेहरे. बंदुकीच्या लोखंडाला उघडा हात लागला तर कातडी चिकटते. रोज सकाळी फावड्यानं बंकरची तोंडं मोकळी करायची, रात्री परत बुजायची. डाव्या पायाची दोन बोटं तेव्हापासून बधिर आहेत. मी इतकी वर्षं समजायचो, नवीन बूट चावले असतील!

त्यानंतर संसदेवरचा हल्ला, ऑपरेशन पराक्रम. २००२ चा ऑक्टोबर येईपर्यंत राजस्थानच्या सीमेवर. युद्ध झालंच नाही. पण सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना माणसं गेली. त्यातला एक त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा. त्याच्याबद्दल पप्पा एवढंच म्हणाले, "भाजी चांगली करायचा." मी पुढं विचारलं नाही.

आता ते पुण्यात माझ्याकडं असतात. मागच्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. रात्री पावणेतीनला फोन वाजला, सर्व्हर पडलेला. मी लॅपटॉप उघडेपर्यंत स्वयंपाकघरातला दिवा लागला. चहा आणून ठेवला, मागं उभे राहिले.

"रिलीफ कधी आहे तुझा?"

"सोमवारी सकाळी दहाला, पप्पा."

"एकटाच आहेस ड्युटीला?"

"हो."

काही बोलले नाहीत. खुर्ची ओढली आणि चार वाजेपर्यंत शेजारी बसून राहिले.