अर्ज कोठे करावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दहावी-अकरावीचे विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यासमोर दिल्ली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी वैद्यकीय प्रवेशाविषयी बोलण्यास आम्हां उभयतांस पाचारण केले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही डॉक्टर नव्हे, शिक्षणतज्ज्ञही नव्हे. केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायलींत घालविलेली आम्ही दोन माणसे. परंतु कार्यवाह म्हणाले, "तज्ज्ञ पुष्कळ मिळतात. तुम्ही चुकलात कसे, ते सांगा." या विषयातील आमचा अधिकार मात्र निर्विवाद असल्यामुळे आम्ही होकार दिला.

आमचा मुलगा दिल्लीत जन्मला, दिल्लीतच दहावी झाला. त्याला डॉक्टर व्हावयाचे होते. २०१६ साली आम्ही त्यास अकरावी-बारावीकरिता पुण्यास आमच्या वडील बंधूंकडे ठेविले. हेतू दुहेरी होता. मुलाचे मराठी सुधारेल हा एक. आणि बारावी महाराष्ट्रातून झाली की तेथील राज्य कोट्यात तो आपोआप बसेल, हा दुसरा. बंधूंचेही तेच मत. ज्या शिकवणी वर्गात त्याचे नाव घातले, तेथील व्यवस्थापकांनी तर छातीठोकपणे सांगितले की, डोमिसाईलची काळजी नको. आम्हांसही ते पटले. आमचा जन्म साताऱ्याचा, सात-बाराच्या उताऱ्यावर अद्याप नाव आहे. आमचा मुलगा महाराष्ट्राचा नाही असे कोण म्हणेल?

महाराष्ट्राचे माहितीपत्रक म्हणाले. २०१८ साली 'नीट'चा निकाल लागल्यावर आम्ही ते प्रथमच नीट वाचले. (शब्दश्लेष अभिप्रेत नाही, आमच्या बाबतीत तो नियतीनेच केला.) राज्य कोट्यासाठी अधिवासाचा दाखला तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. काही अपवाद आहेत. उदाहरणार्थ, बदलीवर महाराष्ट्रात आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांची मुले, सैनिकांची मुले. आमची बदली कधी महाराष्ट्रात झाली नाही. मुलाची दहावी दिल्लीची, म्हणून तो दार बंद. मग आम्ही दिल्लीकडे वळलो. दिल्ली विद्यापीठ व इंद्रप्रस्थ विद्यापीठ यांच्या महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा, अकरावी व बारावी दिल्लीच्या हद्दीतील शाळेतून केलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतात. आमचे बिऱ्हाड दिल्लीत, पण मुलाची बारावी पुण्याची. तेही दार बंद. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आम्ही लहानपणी पाठ केली होती. तिचा अर्थ त्या दिवशी कळला. मुलाचा शाळेतील एक मित्र, याच्याहून खालच्या क्रमांकाचा, दिल्लीत प्रवेश घेऊन मोकळा झाला. पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी म्हटले तर गुण वाढतीलही, पण बारावीची शाळा काही बदलत नाही.

तेव्हा जमलेल्या पालकांस आमचे पहिले सांगणे असे की, वैद्यकीय महाविद्यालयाची निवड बारावीनंतर होत नाही. दहावीच्या निकालानंतर मूल कोणत्या गावच्या शाळेत नाव घालते, तेव्हाच तिचा अर्धा भाग होऊन जातो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे नोएडा-गुडगावला राहतात. दिल्लीच्या नियमात घर कोठे आहे हे पाहत नाहीत, शाळा कोठे आहे ते पाहतात. शाळा यमुनेच्या अलीकडे की पलीकडे यावरून नव्हे, तर ती दिल्लीच्या हद्दीत आहे की नाही यावरून ठरते. अन्य राज्यांचे नियम निराळे आहेत व ते बदलतात. म्हणून ज्या राज्यात राहतो त्याचे माहितीपत्रक मूल नववीत असतानाच वाचावे. नातेवाइकांचा सल्ला प्रेमाचा असतो. तो नियमांचा असतोच असे नाही.

आता आमच्या मुलापाशी उरले ते काय? शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागा. या जागांचा थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे, कारण त्या आपल्यासारख्यांसाठीच जणू निर्माण झाल्या. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रदीप जैन खटल्यात असा निर्णय दिला की, वैद्यकीय महाविद्यालयांतील सर्वच्या सर्व जागा राज्यातील रहिवाशांसाठी राखून ठेवता येणार नाहीत. काही भाग साऱ्या देशास खुला असला पाहिजे. तो भाग १९८६ साली एकूण जागांच्या १५ टक्के असा ठरला, आणि १९८८ पासून त्यासाठी अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली. नोकरीनिमित्त प्रांतोप्रांती फिरणाऱ्या माणसाची मुले कोठली मानावयाची, या प्रश्नाला दिलेले ते अर्धेमुर्धे उत्तर होय. अर्धेमुर्धे अशासाठी की, स्पर्धा फार मोठी आहे. २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक मुले 'नीट'ला बसली, आणि देशातील एम.बी.बी.एस.च्या सर्व प्रकारच्या जागा मिळून एक लाखाच्या थोड्या वर.

या जागांसाठी पसंतीक्रमाची यादी भरून द्यावी लागते. येथे आमची दुसरी चूक झाली, आणि ती पहिलीपेक्षा लाजिरवाणी आहे. पहिल्या फेरीची यादी आम्ही केली. मुलास विचारले नाही. प्रथम मुंबई, पुणे, मग नागपूर, मिरज, सोलापूर, त्यानंतर दिल्ली, इंदूर, ग्वाल्हेर. एकूण वीस-बावीस नावे. ज्या गावी आपला कोणी नातलग आहे ते गाव चांगले, हा आमचा एकमेव निकष. फेरीचा निकाल लागला. एकही जागा मिळाली नाही.

त्या रात्री मुलाने टेबलाच्या खणातून एक कागद काढून आमच्यापुढे ठेविला. त्याने स्वतः, आम्हांस न सांगता, साठ महाविद्यालयांची यादी केली होती. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत टिपणे होती. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण येतात, महाविद्यालय किती जुने, सर्व विषयांत पदव्युत्तर शिक्षण आहे की नाही, किती वर्षांच्या सेवेचा बाँड, दिल्लीहून थेट गाडी कोणती. नव्याने निघालेल्या, रुग्ण तुरळक असलेल्या दोन-तीन महाविद्यालयांवर त्याने काट मारली होती. पैकी एक आमच्या यादीत वरच्या दहांत होते. वैद्यक हे रुग्णांच्या खाटेपाशी शिकावयाचे शास्त्र आहे, हे सतरा-अठरा वर्षांच्या मुलास कळले होते. आमचे लक्ष मात्र नातलगांच्या पत्त्यांवर.

दुसरी फेरी त्याच्या यादीने भरली. ओडिशातील एका जुन्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली. आमच्या यादीत त्याचे नावच नव्हते. त्या काळी दुसऱ्या फेरीनंतर उरलेल्या अखिल भारतीय जागा राज्यांकडे परत जात. म्हणजे तो कागद खणातच राहता तर आमच्या मुलाचे ते वर्ष गेलेच होते. २०२१-२२ पासून ही पद्धत बंद झाली असून पुढच्या फेऱ्याही केंद्रीय समितीच घेते.

यादीविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगतो, कारण दर वर्षी आम्हांस त्याच विचारल्या जातात. पुष्कळ पालक भीतीपोटी सहज मिळणारे महाविद्यालय वर लिहितात. तसे करू नये. यादी वरून खाली वाचली जाते आणि आपल्या क्रमांकाला मिळू शकणारे पहिले नाव आपल्याला मिळते. वर मोठे नाव लिहिल्याने खालच्याचा हक्क जात नाही. म्हणून जे खरोखर हवे ते वर, आणि जेथे मिळाले तरी जाणार नाही ते यादीत मुळीच नको. दुसरी गोष्ट अधिक जपण्याची. पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर रुजू होऊन पुढील फेरीत अधिक चांगल्या जागेसाठी नाव ठेवता येते; परंतु नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते. म्हणून त्या फेरीत, हाती असलेल्या जागेहून निःसंशय सरस वाटणारीच नावे भरावीत.

मुलांना महाराष्ट्रातच पाठवावयाचे असेल तर वाटा आहेत, परंतु त्या ओळखून घ्याव्यात. तेथील शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा आहेतच. नागपूरची 'एम्स' २०१८ साली सुरू झाली; २०२० पासून सर्व 'एम्स'चे प्रवेश 'नीट'वरच होतात आणि तेथे कोणी कोणत्या गावची शाळा विचारीत नाही. पुण्याचे सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे निराळी चाचणी व मुलाखत असते, आणि पुढे सैन्यदलांच्या सेवेत जाण्याची मनाची तयारी हवी. राहता राहिली अभिमत विद्यापीठे. दारे सर्वांस उघडी, पण काही ठिकाणी शुल्क वर्षास वीस लाखांहून अधिक. केवळ 'पुण्यात शिकतो' असे सांगता यावे म्हणून एका परिचितांनी दिल्लीतील राहते घर विकल्याचे आम्ही पाहिले आहे. त्यावर अधिक बोलत नाही.

परप्रांतात मूल जाते म्हणून माता-भगिनींस वाटणारी काळजी आम्ही जाणतो. आमच्या घरीही पहिले सहा महिने रोज रात्री फोन वाजेपर्यंत जेवण होत नसे. वॉर्डात जाऊ लागल्यावर त्याने एकदा विचारले, "बाबा, इथे म्हाताऱ्या बायका डोकं दुखतंय म्हणताना 'मुंड बिंधुछि' म्हणतात. आपल्याकडे असा काही शब्द आहे का?" आम्ही म्हटले, विंधणे. टोचणे, भोक पाडणे, विंधण-विहिरीतले विंधण. तो क्षणभर थांबून म्हणाला, "म्हणजे आजीचं डोकं विंधतंय. मग बरोबर कळलं मला." जे मराठी शिकविण्यासाठी आम्ही त्यास पुण्यास धाडले होते, ते ओडिशातील रुग्णालयात असे उपयोगी पडले.

आणि घरापासून दूर राहून हा निर्णय घेणारे आपण काही पहिले नव्हे. आनंदीबाई जोशी मूळच्या कल्याणच्या. पण अमेरिकेस जाण्याचा त्यांचा निर्णय पक्का झाला तो बंगालमध्ये, गोपाळरावांची पोस्टातील नोकरी तेथे असताना. १८८३ साली श्रीरामपूर येथे भाषण करून त्यांनी आपली कारणे लोकांपुढे मांडली. मद्रासच्या वैद्यक महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता, तरीही त्यांनी फिलाडेल्फियाचे स्त्रियांचे महाविद्यालय निवडले आणि १८८६ साली पदवी घेतली. कोल्हापूरची नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बाविशीच्या आत. त्या भाषणातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते ती ही की, कोठे शिकावयाचे याची कारणे त्या स्वतः सांगत होत्या. त्यांच्या वतीने दुसरे कोणी नव्हे.

पदव्युत्तर शिक्षणाविषयी येथे एकच वाक्य. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांत अधिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरविले आहे, एम.बी.बी.एस.ला तो निर्णय लागू नाही, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

आमचा मुलगा आज ओडिशातच पुढील शिक्षण घेत आहे. आमच्या त्या दोन्ही याद्या, आमची वीस-बावीस नावांची आणि त्याची साठ नावांची, आम्ही जपून ठेविल्या आहेत व आज बरोबर आणल्या आहेत. चहाच्या वेळी त्या ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवू. कागद जुना आहे, घडीवर फाटत चालला आहे. पाहताना तेवढा सांभाळावा. आणि ज्यांच्या मुलांची दहावी यंदा आहे, त्यांनी मुलांस बरोबर घेऊनच तेथे यावे.