वाईच्या आळ्या, वाडे आणि जीर्णोद्धाराचा विचार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यातील व्याख्यान)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा विश्वस्तांनी आपणापुढे ठेवलाच आहे. आज मी त्याहून जुन्या एका ठेव्याविषयी बोलणार आहे. तो ठेवा म्हणजे आपल्या वाईच्या जुन्या आळ्या आणि त्यांतील वाडे.

वाईची रचना समजून घ्यायची असेल तर ती कृष्णामाईच्या पात्राकडून पाहावी. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड ही केवळ वस्त्यांची नावे नाहीत. ती घाटांचीही नावे आहेत. आळी आणि तिचा घाट यांचे नाते इतके दृढ आहे की, कृष्णाबाईचा उत्सवसुद्धा घाटाघाटांवर स्वतंत्रपणे साजरा होतो. अफजलखानाच्या १६५९ च्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून तो सुरू झाला, असे परंपरा सांगते.

या नगरीला आजचे रूप आले ते पेशवाईत, विशेषतः सरदार रास्ते यांच्या आश्रयाने. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच घराण्यातील. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७५७ चे, तर ढोल्या गणपतीचे १७६२ चे. गणपती मंदिराची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगावे, ही त्यामागील योजना. नदीशी वैर न धरता तिच्या काठी कसे राहावे, हे त्या कारागिरांना उमगले होते.

हेच शहाणपण वाड्यांतही दिसते. खाली घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मध्ये भाजलेल्या विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या भिंती. छताचा भार मुख्यतः लाकडी सांगाडा वाहतो. म्हणून एखादी भिंत ढासळली तरी घर उभे राहू शकते. घराचे माप खणांत मोजले जाई. दिंडी दरवाजातून देवडीत, देवडीतून चौकात, चौकातून ओसरीवर आणि मग माजघरात असा प्रवेश होई. आलेला माणूस कोठवर यावा, हे घराची रचनाच ठरवीत असे. व्यवहार पुढच्या भागात आणि संसार मागच्या भागात चाले. चौकातून उजेड आणि वारा प्रत्येक दालनाला मिळे. याच पद्धतीचे भव्य रूप पाहायचे असेल तर जवळच मेणवलीला जावे. नाना फडणवीसांचा अनेक चौकांचा वाडा आणि त्यामागचा घाट आजही उभा आहे.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज व्यापाराच्या निमित्ताने या भागात आले. हळद आणि गूळ यांच्या या बाजारपेठेत पुढे पेढी आणि मागे घर, ही मांडणी व्यापाऱ्याला सोयीचीच होती. तेव्हा हा वारसा दुसऱ्या कुणाचा आहे, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

आज मात्र एकेक वाडा उतरवला जात आहे. कारणे आपणांस ठाऊक आहेत. एका चौकाच्या पाच वाटण्या होतात, वर्षानुवर्षांचे तुटपुंजे भाडे डागडुजीलाही पुरत नाही, आणि जुन्या सागवानाला चांगला भाव येतो. यात कुणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याचे छत गळते, त्याला इतिहास सांगून भागत नाही. वृद्धांना जिना चढवत नाही, सुनांना सोयीचे स्वयंपाकघर हवे असते. या गरजा खऱ्या आहेत. परंतु त्या भागवण्यासाठी संपूर्ण वाडा पाडलाच पाहिजे, असे नाही. मागील पडवीत स्नानगृह-शौचालय होते, ओसरीलगतची खोली वृद्धांना देता येते.

मोडण्यापूर्वी सांभाळण्याचा प्रयत्न मात्र मनापासून व्हावा. पावसाळ्यापूर्वी कौले चाळावीत. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप लहान असतानाच सोडवून दुसरीकडे लावावे. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नये. त्याने ओल आतच कोंडते आणि तुळईची टोके कुजू लागतात. आपल्या धर्मात यालाच जयणा म्हणतात. घर कोरडे आणि स्वच्छ ठेवावे, म्हणजे बुरशी, वाळवी यांची उत्पत्तीच होत नाही आणि पुढची हिंसाही टळते.

नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपल्याकडे मानले जाते. जे वचन आपण मंदिराला लावतो, ते घराला लावायला काय हरकत आहे? संस्थेने या वर्षी एवढे तरी करावे : समाजातील प्रत्येक जुन्या घराची मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत, ज्येष्ठांच्या तोंडून त्याची माहिती लिहून ठेवावी, आणि ज्यांना डागडुजी परवडत नाही त्यांच्यासाठी एक छोटा निधी उभारावा. जो वाडा वाचणार नाही, त्याची निदान नोंद तरी राहील.

संस्थेच्या शताब्दीला याच व्यासपीठावर कुणी उभे राहील. तेव्हा श्रोत्यांना घाटाकडे नेणाऱ्या या आळ्या दाखवता याव्यात, छायाचित्रांवर भागवावे लागू नये, एवढीच प्रार्थना.

बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.