पोरांसाठी घरची सुशी



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण सुशी करणार आहोत. हो, तीच जपानी सुशी, मुलं मोबाईलवर बघतात ती. पांढऱ्या भाताची सुरळी, भोवती काळी पट्टी, मध्ये रंगीत काहीतरी. गटाच्या बैठकीत हे नाव आता अधूनमधून निघतं. "पोरगी म्हणते सुशी कर, आता काय सांगू तिला?" त्यावर आपली दोन उत्तरं ठरलेली. एक, "शी, कच्चे मासे असतात ते!" आणि दुसरं, "आपल्याला नाही परवडायचं." या दोन्हींत तथ्य थोडं आणि ऐकीव गोष्टी जास्त आहेत. म्हणून आधी सुशी म्हणजे काय ते बघू.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशीचा जीव भातात आहे. व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला आंबटगोड भात असला की ती सुशी. त्याच्यासोबत मासा असो, अंडं असो नाहीतर नुसती काकडी. भाताशिवाय नुसता कच्चा मासा कापून देतात, त्याचं नाव साशिमी. तो पदार्थच वेगळा.

फार पूर्वी मासा टिकवायला त्याला मीठ लावून भातात दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणावर मासा महिनोन्महिने टिकायचा. जपानमध्ये बिवा सरोवराच्या काठी अशी सुशी अजूनही करतात. पुढे आंबवण्याऐवजी भाताला व्हिनेगर लावू लागले. दोनशे वर्षांपूर्वी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुशी रस्त्यावरच्या गाड्यांवर मिळायची. कामावरची माणसं उभ्या उभ्या खाऊन पुढं जायची. १९५८ साली ओसाकाकडच्या योशिआकी शिराइशी यांनी सरकत्या पट्ट्यावर ताटल्या फिरवणारं दुकान काढलं, ते कामगारांना स्वस्तात सुशी देता यावी म्हणून. म्हणजे हे काही फक्त श्रीमंतांचं खाणं नाही. महाग असतो तो मासा, आणि मोठ्या हॉटेलातली खुर्ची.

जपानी घरांत मुलांसाठी करतात ती सुशी तर अगदी साधी. काकडीची सुरळी, अंड्याची सुरळी. आणखी एक गंमत ऐका. तिकडे कानप्यो नावाचं सारण घालतात. आपल्या दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या पट्ट्या वाळवायच्या आणि गोड-खारट शिजवायच्या, तेच कानप्यो. आपली मुलं दुधी बघून ताटावरून उठतात, आणि तिकडची मुलं तो सुशीतून खातात!

आता कृती. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

तांदूळ चिकट हवा. इंद्रायणी चांगला, आंबेमोहरही चालेल. जुना तांदूळ मोकळा होतो, त्याची सुरळी सुटते, म्हणून नवा घ्या. एक वाटी तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, अर्धा तास भिजवा, निथळा. दीड वाटी पाण्यात मऊ शिजवा, पण गुरगुट्या करू नका. दीड मोठा चमचा व्हिनेगर, एक मोठा चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ एकत्र विरघळवून ठेवा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस घ्या. गरम भात परातीत पसरा, त्यावर हे पाणी शिंपडा आणि उलथन्यानं कापल्यासारखं हलवा. घोटायचं नाही. पुठ्ठ्यानं वारा घाला, म्हणजे भात लवकर निवतो आणि चकाकतो.

बाहेरची काळी पट्टी म्हणजे नोरी, समुद्रातल्या शेवाळाचा कागद. ते शेवाळ वाढतं कसं, हे बरीच वर्षं कोणाला नीट उमगलं नव्हतं. पीक कधी यायचं, कधी बुडायचं. कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९४९ साली दाखवलं, की ते एका अवस्थेत शिंपल्यांत वाढतं. त्यावरून नोरीची शेती भरवशाची झाली. जपानी लोकांनी या बाईंचं स्मारक उभारलंय. पण आपल्याकडे नोरी शहरातल्या मोठ्या दुकानात आणि महाग मिळते. तिच्यावाचून अडत नाही. जपानमध्येही अंड्याच्या पातळ पोळीत सुशी बांधतात, आणि वाकायामाच्या डोंगरी भागात मोहरीच्या जातीच्या मुरवलेल्या पानात भात गुंडाळतात. आपण अंडं घेऊ. अंडं खात नसाल तर कोबीचं पान दोन मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून मऊ करा आणि त्याची जाड शीर तासून घ्या.

एका अंड्यात चिमूटभर मीठ-साखर घालून तव्यावर पातळ पोळी करा. एका वाटी तांदळाला अशा तीन पोळ्या लागतात. पोळपाटावर ओलं करून पिळलेलं स्वच्छ सुती कापड पसरा, त्यावर अंड्याची पोळी. हात ओले करून भाताचा पातळ थर द्या, पलीकडची कड बोटभर मोकळी ठेवा. अलीकडे काकडी, वाफवलेलं गाजर किंवा पनीर यांच्या लांब पट्ट्या ठेवा. दुधीच्या पट्ट्या जरा गूळ-मीठ घालून, पाणी आटेपर्यंत शिजवून ठेवल्यात तर झालंच कानप्यो. मग अळूवडी वळता तशी घट्ट वळा. ज्या हातांना अळूवडी जमते, त्यांना सुशी अवघड नाही. कापडात पाच-दहा मिनिटं राहू द्या. मग ओल्या सुरीनं सहा तुकडे करा. तीन सुरळ्यांचे अठरा तुकडे, तीन-चार मुलांचा खाऊ झाला.

वळायला वेळ नसेल तर तोच भात ताटात पसरा, वर अंड्याच्या पट्ट्या आणि भाज्या टाका. याला चिराशी म्हणतात. ३ मार्चला जपानमध्ये मुलींचा सण असतो, त्या दिवशी घरोघरी हीच करतात.

आता चार गोष्टी कानात बांधून ठेवा.

कच्चा मासा अजिबात नाही. सुशीचा मासा त्यासाठी वेगळा निवडलेला आणि थंडीत सांभाळलेला असतो. आपल्या बाजारातला किंवा नदीतला मासा शिजवून खायचा. कच्चा खाल्ला तर पोटात जंत आणि जंतू जाऊ शकतात. मासा घालायचाच तर तळून, काटे काढून घाला.

शिळा भात वापरायचा नाही. शिजलेला भात उबेत तासन् तास राहिला तर त्यात जंतू विष तयार करतात, आणि ते पुन्हा गरम करूनही जात नाही. सकाळी केलेली सुशी मधल्या सुट्टीत संपली पाहिजे. डबा भरताना भात पूर्ण निवलेला हवा. कडक उन्हाळ्यात डब्यात देऊच नका, घरी ताजी खाऊ घाला.

लहानग्यांना अख्खा तुकडा तोंडात देऊ नका, घशात अडकतो. चार भाग करा, गाजर चांगलं मऊ शिजवा आणि बसवून खाऊ घाला.

सोबतचा सोया सॉस फार खारट असतो, मुलांना त्याची गरज नाही. वसाबी नावाची तिखट हिरवी चटणी तर जपानीसुद्धा लहान मुलांच्या सुशीतून वगळतात.

मैत्रिणींनो, मूल नवीन पदार्थ मागतं तेव्हा ते हॉटेल मागत नसतं. त्याला बघायचं असतं, हात लावायचा असतो, शाळेत सांगायचं असतं. म्हणून सुरळी वळायला त्यालाच बसवा. वाकडी झाली तरी चालेल. स्वतः वळलेल्या सुरळीतला दुधी मूल सहसा टाकत नाही. आणि "आपल्याला परवडत नाही" हे वाक्य खरंच गरज असेल तेव्हासाठी राखून ठेवूया. वाटीभर तांदूळ आणि तीन अंड्यांसाठी ते कशाला खर्च करायचं?

पुढच्या बैठकीला करून आणा, आम्हीही चाखू.