कोकरांची आई



दिवाळी सरली, भातं घरात आली, की मेंढरांचे कळप घाट उतरून आपल्या ठाणे-पालघरकडे येतात. नगर जिल्ह्यातल्या ढवळपुरीकडचे धनगर माळशेज घाटानं खाली येतात आणि पावसाच्या आधी परत वर जातात. कळप रस्ता ओलांडतो तेव्हा आपल्याला पुढचा काठीवाला दिसतो. मला बोलायचंय ते मागून घोड्यांबरोबर चालणाऱ्या बाईबद्दल.

घोड्यावर सगळा संसार असतो. भांडी, धान्य, कोंबड्या आणि चालता न येणारी नवी कोकरं. ती लादायची हिनं, उतरवायची हिनं, मुक्कामाला चूलही हिनंच मांडायची. संध्याकाळी मेंढरं चरून आली की खरं काम सुरू होतं. मेंढी आपलं पिल्लू वासावरून, आवाजावरून ओळखते. पण सगळी कोकरं एकदम ओरडायला लागली की गोंधळ उडतो. मग ही बाई चुकलेलं कोकरू उचलते आणि नेमकं त्याच्या आईपाशी नेऊन सोडते. पहिलटकरीण मेंढी पाजू देत नसेल तर तिला धरून बसते. आई मेली तर कोकराला शेळीचं दूध पाजते. मेंढ्या मोजतात खंडीत, वीस मेंढ्यांची एक खंडी. ही मात्र त्यांना मोजत नाही, ओळखते.

असंच नातं जगाच्या दुसऱ्या टोकालाही आहे. दक्षिण अमेरिकेत पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच डोंगरांत लामा आणि अल्पाका पाळतात. ही जनावरं उंटाच्याच कुळातली, फक्त पाठीवर मदार नाही. लामा ओझ्यासाठी, अल्पाका लोकरीसाठी. लामा पंचवीस-तीस किलो ओझं नेतो. जास्त लादलं तर सरळ खाली बसतो, उठतच नाही! सणाला तिथले लोक त्यांच्या कानांत रंगीत लोकरीचे गोंडे ओवतात. आपल्याकडे धनगर पाडव्याला मेंढरं पुजतात, तसंच ते.

फरक आहे तो बाजाराचा. अल्पाकाची लोकर मऊ, तिला जगभर भाव. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिची घोंगडी पावसात, थंडीत पिढ्यान् पिढ्या वापरली. आता गिरणीची ब्लँकेटं स्वस्त झाली आणि कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटेना. राहिलं काय? मटण, आणि शेतात मेंढरं बसवण्याचे पैसे. शेतं तर आपल्या वसई-विरारमध्ये दरवर्षी कमी होताहेत. रान गेलं, शेत गेलं, तर माया कितीही असली तरी कळप राखायचा कुठे?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. आपल्या गटाला त्यात काय करता येईल?

भात कापलेल्या शेतात दोन-तीन रात्री मेंढरं बसवा. लेंडी आणि मूत थेट मातीत जातं, खत वाहून न्यायची मजुरी वाचते. चार शेजारणींनी मिळून बोलावलं तर कळपालाही एका जागी मुक्काम मिळतो. मोबदला आधीच ठरवा, आणि बोलणं करताना त्या बाईलाही बसवून घ्या.

शेजारच्या वाडीत औषध फवारलं असेल तर आधी सांगा. प्लास्टिकच्या पिशवीत शिळं अन्न बांधून रस्त्यावर टाकू नका. मेंढी पिशवीसकट खाते, ती पोटात अडकते आणि जनावर तडफडून मरतं. आपल्या विहिरीचं पाणी द्या. आणि घरात घोंगडी घ्यायची झाली तर हातमागावरची, खऱ्या लोकरीची घ्या.

यंदा कळप दारावरून जाईल तेव्हा मागच्या घोड्याकडे बघा. ओझ्यातून एखादं कोकरू मान वर काढून बघत असेल. त्याच्या दुसऱ्या आईला हाक मारा, पाणी विचारा.